माशाएवढाच कृमी

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावरच्या तळ्यांत बोटभर लांबीचा, पाठीवर तीन काटे असलेला स्टिकलबॅक मासा राहतो. काहींचं पोट टम्म फुगलेलं असतं. ते चिरलं की आतून पांढरा, चपटा पट्टकृमी निघतो. कधी कधी त्याचं वजन जवळजवळ माशाइतकं भरतं! हा शिस्टोसेफॅलस. पाण्यातली त्याची अळी कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव गिळतात आणि त्यांना हा मासा खातो. अंडी घालायला मात्र कृमीला पक्ष्याच्या शरीराची ऊब लागते. कृमी पुरेसा वाढला की माशाची भीती मरते. बगळ्याची चोच पाण्यात शिरली तरी तो थोड्याच वेळात पुन्हा निवांत चरू लागतो.

मला अधिक थक्क करतो तो माशांचा प्रतिकार. २०२२ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या संशोधनानुसार, तिथल्या रॉबर्ट्स तळ्यातल्या माशांच्या पोटात चिवट तंतूंचं जाळं तयार होतं आणि कृमीची वाढ खुंटते. पण त्यापायी आतले अवयव एकमेकांना चिकटतात, वीण घटते. ही किंमत फार मोठी आहे. गॉसलिंग तळ्यातल्या माशांनी उत्क्रांतीच्या ओघात हा बचावच सोडून दिला. कृमीला पोटात वाढू देत ते आपली वीण राखतात.