जुनी बोट, नवा मालक : नोंदणीबाबतचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

वापरलेली मोटरबोट विकत घेतली की चार प्रश्नांची उत्तरे कागदावर असावी लागतात. बोट कोणाची आहे, ती चालवण्यास सुरक्षित आहे का, सुकाणू कोणाच्या हाती असणार आणि जेथे ती उतरणार त्या पाण्यावर तिला मुभा आहे का? पहिल्याचे उत्तर नोंदणी प्रमाणपत्र देते, दुसऱ्याचे तपासणी म्हणजे सर्व्हे प्रमाणपत्र, तिसऱ्याचे चालकाचे सक्षमता प्रमाणपत्र आणि चौथ्याचे जलाशयाच्या मालकाची परवानगी. यातला एक कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. पुणेकरांच्या सर्वांत जवळचे मोठे पाणी म्हणजे खडकवासला. त्यामुळे बोटीचा विषय निघाला की चर्चा तेथेच जाते आणि गैरसमजही तेथेच दिसतात.

गैरसमज : बोटीची नोंदणी आरटीओत होते.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा, १९८८ हा रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांचा कायदा आहे. इंजिनावर चालणाऱ्या बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा हा अधिनियम ७ जून २०२२ पासून अमलात आला. महाराष्ट्रात नोंदणी आणि तपासणीचे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड पाहते. बोर्डाचे मुख्यालय मुंबईत आहे आणि प्रादेशिक बंदर अधिकाऱ्यांची कार्यालये किनारपट्टीवर आहेत. म्हणून पुण्याच्या बोटमालकालाही घाटाखालच्या कार्यालयांशी पत्रव्यवहार करावा लागतो. आरटीओचा संबंध येतो तो बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरपुरता, कारण ट्रेलर हे मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत मोडते. बोट आणि ट्रेलर एकत्र विकत घेतल्यास दोन्हींचे कागद वेगवेगळे मागावेत.

गैरसमज : हे नियम समुद्रासाठी आहेत, धरणातल्या बोटीला कोण विचारतो?

वस्तुस्थिती : अधिनियमातील अंतर्देशीय जलात कालवा, नदी, तलाव आणि राज्यातील इतर नौकानयनयोग्य पाणी येते. धरणाचा जलाशय त्यातून सुटत नाही. गोड्या पाण्यात धोका कमी असतो हेही खरे नाही. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनी धरणाच्या फुगवट्यात वादळी वाऱ्याने उलटली. त्यात सहा जण बुडाले. जलाशयावर अचानक सुटणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नसते, आणि उघड्या, जास्त भरलेल्या बोटीत एका बाजूने पाणी शिरले की ती सावरायला वेळ मिळत नाही.

गैरसमज : बोट लहान आहे किंवा मोटर बॅटरीवर चालते, म्हणून नोंदणी नको.

वस्तुस्थिती : येथे बोटीच्या लांबीपेक्षा ती कशाने चालते हे महत्त्वाचे ठरते. स्वतःच्या यांत्रिक साधनाने चालणारी बोट या अधिनियमाखाली येते, मग मागे लटकवलेले पेट्रोलचे आउटबोर्ड इंजिन असो वा विजेची मोटर. पंधरा टनांखालील बोटींना सूट असल्याचे जे सांगितले जाते, ती सूट १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात होती आणि तीही केवळ भारतीय किनाऱ्यावर फिरणाऱ्या जहाजांपुरती. वल्ह्याने चालणाऱ्या बोटींसाठी २०२१ च्या अधिनियमात स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या नोंदीचे काम राज्य सरकारला स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवता येते. खडकवासल्यात मात्र आता ग्रामपंचायतीचा दाखला मागण्यात अर्थ नाही, कारण २०२१ मध्ये हे गाव आणखी बावीस गावांसह पुणे महापालिकेत आले. वल्ह्याच्या होडीला नंतर इंजिन जोडले, तर तिची वर्गवारी त्याच दिवशी बदलते.

गैरसमज : स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतली की मालकी बदलली.

वस्तुस्थिती : विक्रीपत्र हा व्यवहाराचा पुरावा आहे, पण नोंदणी पुस्तकात नाव बदलण्यासाठी तो व्यवहार जलयान निबंधकाला, म्हणजे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावा लागतो. तोपर्यंत दप्तरी मालक जुनाच राहतो आणि अपघात झाल्यास चौकशी आधी त्याच्या दारात जाते. गहाणाची नोंद आहे का, हेही पैसे देण्यापूर्वी पाहावे.

कागद बोटीशी जुळतात का, हे प्रत्यक्ष बोटीपाशी उभे राहून तपासायचे असते. आयात केलेल्या बहुतेक बोटींच्या पिछाडीच्या फळीवर, उजव्या वरच्या कोपऱ्यात, सांगाड्याचा क्रमांक कोरलेला असतो. अमेरिकी पद्धतीत तो बारा अक्षरांचा असतो आणि शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात. आउटबोर्ड इंजिनाचा क्रमांक ते बोटीला अडकवणाऱ्या कंसावरच्या पट्टीवर मिळतो. कोपऱ्यातले अक्षर घासलेले असेल, पट्टी नव्या रिव्हेटांनी बसवलेली असेल किंवा तिच्या जागी फक्त चार भोके उरली असतील, तर सौदा तेथेच थांबवावा. परदेशी बोटीसाठी सीमाशुल्क भरल्याचे बिल ऑफ एंट्री आणि देशी बोटीसाठी बांधणाऱ्या कारखान्याचा दाखला मागावा. हे नसेल तर नव्याने नोंदणी करताना बोट आली कोठून याचे उत्तर देता येत नाही.

गैरसमज : गोव्यात नोंदलेली बोट महाराष्ट्रात पुन्हा नोंदवावी लागते, मच्छीमारी बोट मात्र तशीच सहलीला वापरता येते.

वस्तुस्थिती : दोन्ही समज उलटे आहेत. गोव्यातील बोटी तेथील बंदर कप्तान खात्याकडे नोंदल्या जातात आणि २०२१ च्या अधिनियमानुसार एका राज्याचे नोंदणी प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. जुन्या कायद्यात राज्याची हद्द ओलांडली की वेगळी मान्यता लागे. ती अडचण आता राहिलेली नाही. मालकी बदलल्याची नोंद मात्र करावीच लागते. मासेमारी बोटीची नोंदणी ही मत्स्यव्यवसाय विभागाची, रिअलक्राफ्ट या केंद्रीय प्रणालीवरची वेगळी नोंद आहे. ती मासेमारीसाठी असते. तिच्या आधारे पर्यटक बसवता येत नाहीत.

गैरसमज : एकदा नोंदणी झाली की पुढे काही करावे लागत नाही.

वस्तुस्थिती : नोंदणी मालकी दाखवते, तर बोटीची आजची अवस्था तपासणी प्रमाणपत्र दाखवते, आणि त्याला मुदत असते. पहिल्या नोंदणीपूर्वीही तपासणी व्हावी लागते. प्रमाणपत्रात किती माणसे बसवता येतील हे लिहिलेले असते. बोटीत जागा दिसते म्हणून तो आकडा वाढत नाही. जुन्या फायबर बोटीत पिछाडीची फळी सर्वांत आधी दगा देते. इंजिनाचा सगळा भार तिच्यावर असतो आणि बोल्टच्या भोकांतून शिरलेले पाणी आतले लाकूड कुजवते. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकल्यावर कोरडी फळी टणक आवाज देते, कुजलेली बद्द. मोठ्या ताकदीचे इंजिन बसवणे हा फेरबदल आहे. तो निबंधकाला कळवून बोट पुन्हा तपासून घ्यावी लागते. अधिनियमाने विमाही बंधनकारक केला आहे. विक्रेत्याच्या नावचा विमा आपोआप खरेदीदाराचा होत नाही.

गैरसमज : मोटारीचा परवाना असला की बोट चालवता येते.

वस्तुस्थिती : मोटारीच्या परवान्याचा पाण्यावर उपयोग नाही. अंतर्देशीय जलयानासाठी सक्षमतेची वेगळी प्रमाणपत्रे आहेत. कोकण किनाऱ्यावर सारंग आणि तांडेल ही नावे परिचित आहेत, ती याच कामाची. वेगवान बोट हाताळण्याचे आणि जीवरक्षणाचे प्रशिक्षण गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मिळते. बोटीला ब्रेक नसतो. थांबण्याचे अंतर आणि इंजिन बंद असताना सुकाणू किती ऐकते, हे रस्त्याच्या अनुभवातून कळत नाही.

गैरसमज : सगळे कागद पूर्ण असले की बोट खडकवासल्यात उतरवता येते.

वस्तुस्थिती : नोंदणीने बोट अधिकृत होते, जलाशय वापरण्याचा हक्क त्यातून येत नाही. खडकवासला धरण १८७९ साली मुठा नदीवर बांधून झाले आणि त्याचा जलाशय फाइफ तलाव म्हणून ओळखला जाई. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर आलेल्या लोंढ्याने हे धरणही फुटले आणि नंतर ते पुन्हा उभारले गेले. पानशेत, वरसगाव आणि टेमघर या वरच्या धरणांचे पाणी येथे येऊन पुण्याच्या नळांना जाते. जलाशय जलसंपदा विभागाचा आहे, त्यामुळे बोट उतरवायची तर त्या विभागाची लेखी परवानगी हवी. पिण्याच्या पाण्यात तेल आणि इंधन सांडू नये हा येथे पहिला विचार असतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही याच जलाशयाच्या काठी आहे आणि तिच्या छात्रांचे नौकानयनाचे प्रशिक्षण पीकॉक बे येथे चालते. संरक्षण क्षेत्रालगत खासगी बोटीला मनमानी फिरता येत नाही. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खायला मुभा आहे म्हणून त्या काठावरून बोट सोडायलाही मुभा आहे, असे होत नाही.

गैरसमज : स्वतःच्या बोटीत चार पर्यटक फिरवले तर वेगळे काही लागत नाही.

वस्तुस्थिती : पैसे घेऊन माणसे बसवली की वापर व्यावसायिक ठरतो. तपासणी, विमा आणि चालकाचे प्रमाणपत्र त्या वापरासाठीचे हवे. शिवाय राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार जलक्रीडा चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा ठेवणे हिताचे. आधी बोट कोणत्या पाण्यात चालवायची ते ठरवून तेथील परवानगी मिळणार का, हे लेखी विचारावे. मग क्रमांक, नोंदणी आणि गहाणाची नोंद तपासावी, त्यानंतर सर्व्हेअरकडून बोट पाहून घ्यावी. पूर्ण पैसे द्यावेत ते त्यानंतर. पैसे दिल्यावर निबंधकाकडे हस्तांतर, स्वतःच्या नावचा विमा आणि मुदतीतले तपासणी प्रमाणपत्र या तीन गोष्टी पूर्ण होईपर्यंत बोट ट्रेलरवरच ठेवावी.