कशेडीच्या आधी उजाडलं पाहिजे

आमच्या जिते गावाहून सावंतवाडी सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. मोबाइलवरचा नकाशा हा आकडा सांगतो आणि त्याच्या खाली तासही सांगतो. आकड्यावर माझा विश्वास आहे, तासांवर नाही. मुंबई-गोवा रस्त्यावर एका दिवसात पल्ला गाठायचा असेल तर किलोमीटर बाजूला ठेवायचे आणि एवढंच ठरवायचं की किती वाजता कुठे असायचं. आमच्या घरी गणपतीला कुडाळ-सावंतवाडीकडे जाणं असतं. त्याची तयारी आदल्या आठवड्यात सुरू होते ती एका कागदापासून.

कागदावर डाव्या बाजूला गावं, उजव्या बाजूला वेळा. जिते पहाटे चार. माणगाव पावणेसहा. महाड साडेसहा. कशेडी सव्वासात. चिपळूण नऊ, नाश्ता. हातखंबा साडेअकरा. राजापूर दीड, जेवण. कणकवली तीन. कुडाळ चार. पुढे पणजीपर्यंत जायचं असेल तर झाराप, बांदा, पत्रादेवी करत सव्वासहा. या वेळा मी वरून खाली लिहीत नाही. आधी पंचांगात सूर्योदय आणि सूर्यास्त बघतो. ऑगस्टच्या अखेरीस आपल्याकडे सकाळी सव्वासहाच्या पुढेमागे उजाडतं आणि संध्याकाळी पावणेसातला सूर्य जातो. अंधारात जेवढं चालवायचं तेवढं घराजवळ, सपाटीला आणि ताज्या डोळ्यांनी. जित्यापासून माणगावपर्यंतचा रस्ता रोजच्या ओळखीचा आहे, सुकेळी खिंड सोडली तर चढउतार नाही. महाडला उजेड फुटतो आणि डोंगर सुरू होतात तेव्हा समोरचं स्पष्ट दिसत असतं. सगळी आखणी या एका गोष्टीभोवती आहे.

आमच्या आळीत एक काका आहेत, उभं आयुष्य ट्रकवर गेलं. मंगळूरपर्यंतचा हा रस्ता त्यांनी एकपदरी होता तेव्हापासून पाहिला. निघायच्या आधी मी त्यांच्याकडे जातोच. ते कागद बघतात, एखादी वेळ खोडायला लावतात आणि दर वर्षी तेच बजावतात: "घाट ज्या गिअरान चरशील त्याच गिअरान उतराचा, बाला." उतारावर सारखा ब्रेक दाबत राहिलं की तो तापतो आणि ऐन वळणावर पकड सोडतो. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं. स्वयंचलित गिअरच्या गाड्या आल्यापासून हे शिकवणारं कुणी राहिलं नाही, म्हणून मी घरच्या प्रत्येक नव्या चालकाला त्यांच्यासमोर नेऊन उभं करतो.

मग टायर. हवा भरायची ती गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, थंड टायरमध्ये. चालून आलेल्या टायरमधली हवा तापून फुगलेली असते आणि काटा खोटं दाखवतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटा कागद चिकटवलेला असतो, त्यावर दोन माणसांसाठी किती आणि भरल्या गाडीसाठी किती ते छापलेलं असतं. पाच माणसं, डिकीत सामान आणि मांडीवर मखराचे खांब असताना बहुतेक जण दोन माणसांची हवा घेऊन निघतात. टायरच्या खाचेत बोट घालून बघायचं: खाचेच्या तळाशी मधेमधे छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, टायर बाद. पावसात हीच खाच पाणी बाहेर फेकते. आणि टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी चांगली दिसत असली तरी इतक्या जुन्या रबरावर मी घरची माणसं बसवत नाही. स्टेपनीतली हवा तर कुणीच बघत नाही, आणि ती लागते तेव्हा नेमकी बसलेली असते.

वायपरचं रबर दर पावसाळ्यात नवं. टाकी आदल्या संध्याकाळी भरलेली. सीएनजीवाल्यांनी जास्त विचार करायला हवा, कारण गणपतीच्या दिवसांत या पट्ट्यात पंपांवर रांगा लागतात आणि कागदावरच्या वेळा तिथेच बुडतात. पेट्रोलवर चालण्याची सोय असेल तर टाकीत पेट्रोलही हवं.

आता गाडीच का, असं कुणी विचारतं. जिते रेल्वे स्टेशन आहे, पण ते पनवेल-रोहा मार्गावरचं लहान स्टेशन. कोकण रेल्वेच्या लांबच्या गाड्या आमच्या डोळ्यांदेखत न थांबता जातात. त्या पकडायच्या तर पेण किंवा पनवेल गाठायचं, आणि गणपतीचं आरक्षण खुलं होताच भरलेलं असतं. शिवाय इथे हमरापूर-जोह्याचे गणेशमूर्तींचे कारखाने शेजारी. सासरच्या घरची मूर्ती आम्ही तिथूनच नेतो. मूर्ती मांडीवर घेऊन रेल्वेच्या गर्दीत चढता येत नाही. ती गाडीत पाठीमागच्या सीटवर बसते, बाजूंना उशा आणि जुनी गोधडी, आणि तिच्यामुळे खड्ड्यात वेग आपोआप कमी होतो.

पहिल्या साठ-सत्तर किलोमीटरमध्ये दिवस ठरतो, हे मी अगदी ठामपणे सांगेन. मुंबईचा माणूस वाशी, पनवेल, पळस्पे, कर्नाळ्याची खिंड आणि खारपाड्याचा पूल ओलांडून आमच्या दारात येतो तेव्हा त्याचा दीड-दोन तासांचा दम खर्च झालेला असतो. पुढे वडखळला अलिबागची वाहनं वेगळी होतात आणि जरा मोकळं वाटतं. खरी गाठ त्यानंतर, इंदापूर आणि माणगाव. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला. इंदापूर ते झाराप हा साडेतीनशे किलोमीटरहून मोठा टप्पा नंतर दहा तुकड्यांत वाटून घेतला गेला. बराच रस्ता आता उत्तम आहे, पण इंदापूर आणि माणगावची बाह्यवळणं रखडली आणि चार पदरांचा ओघ बाजारपेठेतल्या दोन पदरांत येऊन अडतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी सात-साडेसातनंतर माणगावात शिरणाऱ्याने घड्याळाकडे बघू नये. म्हणून पावणेसहा. या एका वेळेसाठी घरात तीनला दिवे लागतात, मुलं झोपेतच उचलून गाडीत ठेवली जातात, आणि याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

माणगाव किंवा त्याच्या अलीकडचा रस्ता तुंबला असेल तर वाटा आहेत. वाकण फाट्यावरून डावीकडे पालीला आणि तिथून रवाळजे, निजामपूर करत माणगावजवळ बाहेर. नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोहा आणि रोह्याहून कोलाड. पुण्याकडून किंवा द्रुतगती मार्गाने येणाऱ्याला खोपोली-पाली-वाकण. गणपतीत पोलीसही हेच पर्याय सुचवतात. पण या वाटा अरुंद आहेत, गावांतून जातात, गुरं रस्त्यावर असतात आणि अंधारात पाटी दिसत नाही. त्या एकदा दिवसा चालवून बघितल्या असतील तरच आखणीत धरायच्या. नकाशाने ऐनवेळी वळवलं म्हणून काळोखात भलत्या रस्त्याला लागू नये. दुसरा मोठा पर्याय म्हणजे पेण-खोपोलीवरून द्रुतगती मार्ग धरून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर आणि मग आंबोली किंवा फोंडा घाटाने उतरणं. अंतर वाढतं, टोल वाढतो. रस्ता मोठा आणि एकसारखा आहे. ज्यांना पणजीलाच जायचं आहे आणि गाडी चालवणारा एकच आहे, त्यांना मी भर पावसाळ्यात तो सुचवतो. मात्र आंबोलीत धुकं उतरायच्या आत घाट संपला पाहिजे.

पावसाचं गणित वेगळं करावं लागतं. महाडात ऊन असलं म्हणून निश्चिंत होता येत नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, तेव्हा आदल्या रात्री महाबळेश्वरला किती पडला ते बघायचं आणि त्याच्या जोडीला भरतीची वेळ. खाडीला उधाण असलं की वरून आलेलं पाणी बाहेर पडायला जागा राहत नाही आणि ते काठावर पसरतं. खेडजवळ जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, राजापूरला अर्जुना, सगळीकडे हीच कथा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं ते अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या इतर वाहनांसह नदीत गेल्या. त्यातल्या माणसांना पुढे रस्ता नाही हे कळायला काही मार्गच नव्हता. नवा पूल पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर उभा राहिला. त्यावरून जाताना आमच्या गाडीत अजूनही बोलणं थांबतं. रात्री, मुसळधार पावसात, नद्या फुगलेल्या असताना या रस्त्यावर गाडी चालवायची नाही, हा नियम मी तिथून घेतला आणि त्याला अपवाद करत नाही.

कशेडीला आता बोगदा आहे. सुमारे दोन किलोमीटरचा, जोड बोगदा. २०२३ च्या गणपतीला त्याची एक बाजू हलक्या वाहनांसाठी उघडली तेव्हा पोलादपूरहून खेडकडे जाणाऱ्यांना प्रथमच समजलं की पाऊण तासाचा नागमोडी घाट दहा मिनिटांत मागे पडू शकतो. वाचलेला वेळ मी वेगात घालवत नाही, तो चिपळूणच्या नाश्त्यात जमा करतो. बोगद्यात शिरताना हेडलाइट लावायचे, काळा चष्मा काढायचा, लेन बदलायची नाही. पुढे भोस्ते घाट, लोट्यानंतर परशुराम घाट. परशुराम घाटात दरडींमुळे फार त्रास झाला. २०२२ च्या उन्हाळ्यात कामासाठी तो रोज दुपारी काही तास बंदच ठेवला जाई आणि गाड्या चिरणीमार्गे वळवत. अशी बंदी आधी वर्तमानपत्रात येते. निघण्याच्या आदल्या दिवशी रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांच्या बातम्या वाचायच्या. गणपतीत १६ टन आणि त्यावरच्या अवजड वाहनांना ठरावीक दिवस बंदी असते, तिच्या तारखाही बघायच्या. बंदी सुटते त्या दिवशी थांबवून ठेवलेले सगळे ट्रक एकदम रस्त्यावर येतात.

पण या सगळ्या तयारीत सर्वांत कमी विचार होतो तो चालवणाऱ्या माणसाचा. व्यावसायिक चालकासाठी आपल्याकडे १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा आहे: साधारणपणे दिवसाला आठ तास काम, आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती. ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्याच्यासाठी कायदा इतकी काळजी घेतो, आणि आपण वर्षातून दोनदा घाट बघणाऱ्या भावाला किंवा जावयाला ऑफिसातून आल्या रात्री चावी देऊन बारा-चौदा तास चालवायला लावतो. मला याचा राग येतो. आमच्या घरी चालवणारा आदल्या रात्री नऊला झोपतो, सामान बाकीचे भरतात. दर दोन तासांना उतरायचं, लघवी लागलेली असो वा नसो. राजापूरच्या जेवणात भात कमी. जेवल्यावरचा एक तास सर्वांत वाईट: डांबरावर ऊन, पोट भरलेलं, मागची मंडळी घोरत असतात. त्या तासाला शेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही, ही त्याची कामगिरी कागदावर नावासकट लिहिलेली असते. जांभया वाढल्या, मागचे दोन किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, असं झालं की गाडी बाजूला. काच खाली करून आणि गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही. वीस मिनिटं डोळे मिटले तर जाते.

आणि कागदाच्या तळाशी एक ओळ, ती मी लाल शाईने लिहितो: 'चारपर्यंत हातखंबा पार न झाल्यास रत्नागिरी.' म्हणजे त्या दिवशीचा प्रवास तिथे संपला. हातखंब्याहून रत्नागिरी जवळ आहे, राहायला जागा मिळते, आणि पुढचं लांजा, राजापूर, खारेपाटण अंधारात, दमलेल्या हातांनी चालवावं लागत नाही. हे घरी, शांतपणे, निघण्याआधी ठरवावं लागतं. रस्त्यावर ठरवायला गेलं की कुणी म्हणतं 'आता काय, चार तासांत पोचू', सासूबाईंचा तिसरा फोन येतो, आणि माणूस गाडी दामटतो. त्यामुळे सासरी आधीच सांगून ठेवतो: आम्ही आज येऊ किंवा उद्या सकाळी. मूर्ती चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचवायची असते तेव्हा आम्ही त्याच्याही आदल्या दिवशी निघतो, म्हणजे एक दिवस हाताशी राहतो. आपत्कालीन ११२ आणि महामार्गाचा १०३३ हे दोन क्रमांक त्याच ओळीखाली.

२०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने मोटारी रेल्वेवर चढवून नेणारी, कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी रो-रो सेवा सुरू केली. ट्रकसाठी ती १९९९ पासून आहेच. कोलाड आमच्या शेजारच्या रोहा तालुक्यातलं, घरापासून तासा-सव्वा तासावर. त्या वर्षी गाडीचं भाडं ७,८७५ रुपये होतं, माणसांचं तिकीट वेगळं आणि एका गाडीमागे तिघांचीच सोय. गाडी दुपारीच आणून द्यावी लागे, संध्याकाळी पाचला निघून सकाळी सहाला वेर्णा. पाच जणांच्या आमच्या कुटुंबाला ती पुरत नाही, आणि सिंधुदुर्गात उतरणाऱ्याला गोव्यापर्यंत जाऊन मागे येणं परवडत नव्हतं. मग त्यांच्यासाठी नांदगावला थांबा दिला गेला. तरी ज्या घरात चालवणारा एकच आणि साठीच्या पुढचा आहे, त्यांनी या गाडीचा हिशेब नीट मांडून बघावा. त्यात घाट नाही, माणगाव नाही आणि रात्रभर झोप मिळते.

परतीचा कागद वेगळा लिहावा लागतो. जाताना माणगाव पहाटे लागतं, येताना ते दिवसाच्या शेवटी, अंग मोडलेलं असताना लागतं, आणि गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर मुंबईकडे निघालेला सगळा लोंढा तिथे असतो. म्हणून विसर्जन करून त्याच रात्री निघत नाही. एक पूर्ण रात्र झोपून, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी, सावंतवाडी पहाटे साडेतीनला सोडायची. राजापूर सहा, चिपळूण साडेदहा, कशेडी बारा, माणगाव दीडच्या आत. दुपारचं जेवण माणगाव ओलांडल्यावरच, कोलाडला.