गंजलेल्या मोटारीचा सांगाडा

जुन्या मोटारीची ममता ही जुन्या घराच्या ममतेसारखीच असते. वडिलांनीं घेतलेली फियाट, तिच्यांतून केलेले प्रवास, तिच्या दाराचा ओळखीचा आवाज, हें सारें मोडींत घालण्यास मन धजत नाहीं. मग मालक ती कारागिराकडे नेतो आणि बहुधा पहिला प्रश्न विचारतो, “रंग केव्हां करून मिळेल?” माझें आजचें सांगणें असें कीं, हा प्रश्न शेवटीं विचारण्याचा आहे. पहिला प्रश्न निराळा: ज्या पत्र्यांवर गाडीचा भार आहे, ते पत्रे शाबूत आहेत काय?

पत्र्यांवर गाडीचा भार कसा, असें कोणी म्हणेल. त्यासाठीं कोंकणांतील जुनें लांकडी घर मनापुढें आणा. खांब, तुळया आणि वासे यांचा सांगाडा आधीं उभा राहतो. छपराचें ओझें तोच पेलतो आणि भिंती मागाहून भरतात. भिंतीचा एखादा भाग ढासळला तरी छप्पर जागचें हलत नाहीं. याच्या उलट, जांभ्या दगडाच्या भिंतींवर आढें टेकविलेलें घर घ्या. तेथें भिंत हाच खांब. ती पोखरली कीं छपराला आधार उरला नाहीं.

मोटारींचेहि असेच दोन प्रकार आहेत. जीप गाडीच्या तळाशीं जाड पोलादी तुळयांची चौकट असते. तिला आपले कारागीर चासी म्हणतात. वरची टप या चौकटीवर नुसती बसविलेली असते. परंतु १९५३ सालीं इटलींत निघालेल्या फियाट अकराशें गाडींत अशी वेगळी चौकट नाहीं. तळाचा पत्रा, दारांखालच्या लांब पोकळ पेट्या, दारांमधील खांब आणि छप्पर हे सारे भाग एकमेकांस सांधून एकच कवच बनविलेलें आहे. चाकें, इंजिन आणि आंत बसलेलीं माणसें या सर्वांचें ओझें तें कवचच वाहतें.

या गाडीचा महाराष्ट्राशीं जवळचा संबंध आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९४७ सालीं तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवून बाहेर पडूं लागल्या. पुढें त्याच कारखान्यांत फियाट अकराशें तयार होऊं लागली आणि तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें घरोघर पोंचली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. तिच्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. परंतु खाजगी घरांतून कित्येक पद्मिनी अद्याप जपून ठेवलेल्या आहेत.

क्रायस्लरनेंहि १९६० च्या सुमारास आपल्या बहुतेक गाड्यांची वेगळी चौकट काढून टाकली. त्यामुळें १९६४ सालची प्लिमथ बॅराकुडा किंवा १९६६ सालची डॉज चार्जर, ज्यांना दांडग्या इंजिनामुळें अमेरिकेंत ‘मसल कार’ म्हणतात, त्यांनाहि फियाटसारखाच रोग जडतो. तिकडे हिवाळ्यांत रस्त्यांवरचें बर्फ वितळावें म्हणून मीठ पसरतात. आपल्याकडे तें मीठ समुद्राचा वारा फुकट आणून देतो.

आमचें बोर्ली पंचतन श्रीवर्धन तालुक्यांत आहे आणि दिवेआगरची पुळण येथून जवळच आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटांच्या तुषारांतून ते वाऱ्यावर चढतात आणि लोखंडावर बसतात. लोखंड, पाणी आणि प्राणवायु एकत्र आले म्हणजे गंज धरतो. क्षारांनीं पाण्याची विद्युद्वाहकता वाढते आणि ती क्रिया कितीतरी वेगानें चालते. शिवाय क्षार हवेंतील ओलावा धरून ठेवतात, म्हणून पाऊस थांबल्यावरहि पत्रा पुरता सुकत नाहीं. पावसाळ्याचे चार महिने काय होत असेल, हें कोंकणांतील माणसास सांगावयास नको.

गंज बाहेरून आंत जातो असा आपला समज असतो. मोटारीच्या बाबतींत पुष्कळदां तो आंतून बाहेर येतो. दारांखालच्या पोकळ पेटींत पाणी शिरतें. तें निघून जावें म्हणून पेटीच्या तळाशीं लहान भोकें ठेविलेलीं असतात. तीं चिखलानें व वाळूनें बुजलीं कीं पाणी आंत तुंबतें. दोन पत्रे जेथें एकमेकांवर सांधलेले असतात तेथेंहि ओल राहते. गंजाला मूळ लोखंडाहून दुपटीपेक्षां अधिक जागा लागते. त्यामुळें तो दोन पत्र्यांच्या मधून फुगतो आणि सांधा उकलतो. बाहेरच्या रंगावर तांदळाएवढा फोड दिसतो, तेव्हां आंतला पत्रा चाळणीसारखा झालेला असण्याचा संभव असतो.

ही परीक्षा घरच्या घरींहि करतां येते. एक लोहचुंबक फडक्यांत गुंडाळून दारांखालून फिरवा. ज्या जागीं तो धरत नाहीं, तेथें पत्रा नसून पुट्टी भरलेली आहे असें समजा. तळावरील सतरंजी उचलून पाहा. पेचकसाच्या मुठीनें पत्रा ठोका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बदबद वाजतो. दार उघडतांना खालीं उतरतें काय, आणि दाराभोंवतींची फट वर रुंद व खालीं अरुंद झाली आहे काय, तेंहि पाहा. बिजागरी ठीक असून दार उतरत असेल, तर दुखणें दाराचें नसून ज्या खांबाला तें टांगलें आहे त्याचें आहे.

आतां दुरुस्तीकडे वळूं. वाईट रीत सर्वांच्या परिचयाची आहे. भोंकावर एक तुकडा चिकटवावयाचा, वर पुट्टी फांसावयाची, घांसून गुळगुळीत करावयाची आणि रंग मारावयाचा. चिखलाच्या पंख्यावर किंवा दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर अशी मलमपट्टी केली तर गाडी फार तर कुरूप होईल. भार वाहणाऱ्या पेटीवर ती केली, तर खड्ड्यांत चाक आपटतांच किंवा टक्कर होतांच ती पेटी चोळामोळा होते, आणि आंत बसलेल्या माणसांना वांचविणारें कवच उरत नाहीं. रंगाखालीं हें दिसत नाहीं, आणि धोका आहे तो याचमुळें.

योग्य रीत मापापासून सुरू होते. गाडी सपाट जमिनीवर भक्कम टेंकूंवर घ्यावी. केवळ जॅकच्या भरंवशावर खालीं शिरूं नये. बॅटरी सोडावी, पेट्रोलची टांकी व आंतील गाद्या काढाव्या, आणि वाळूची बादली हाताशीं ठेवावी. मग तळावर डाव्या-उजव्या बाजूंच्या सारख्या जागीं चार खुणा करून तिरपीं मापें घ्यावीं. शाळेंत शिकलेली भूमिति येथें उपयोगीं पडते: दोन्ही कर्ण समान असतील तर गाडी सरळ, नसतील तर ती पिळवटलेली. दारांच्या चौकटींचीं मापेंहि वहींत लिहून ठेवावीं. त्यानंतर चौकटींत लोखंडी नळ्या आडव्या-तिरप्या जोडून ती घट्ट बांधावी. जांभ्याची भिंत काढण्यापूर्वीं गवंडी आढ्याला टेकण देतो, तसेंच हें आहे. टेकण न देतां पेटी कापली तर गाडी मध्यें वांकते, आणि नवा पत्रा त्या वांकड्या स्थितींतच तिला कायमची जखडून टाकतो.

एका वेळीं एकच बाजू हातीं घ्यावी. कारखान्यांत दोन पत्रे ठिपक्यांसारख्या वेल्डिंगनें सांधलेले असतात. ते ठिपके ड्रिलनें कोरून काढले म्हणजे जुना पत्रा अखंड सुटतो आणि नव्याला नमुना होतो. कुजका भाग चकचकीत निरोगी धातु लागेपर्यंत कापावा. तेथें दया दाखविली तर गंज पुन्हां तेथूनच चालूं लागतो.

अमेरिकन गाड्यांचे असे भाग तिकडे आजहि नवे छापून मिळतात. आपल्याकडे पुष्कळदां कारागिराला पत्रा वांकवून ते हातानें घडवावे लागतात. तेव्हां दोन गोष्टी पाहाव्या: पत्र्याची जाडी मूळच्याइतकी असावी, आणि मूळची प्रत्येक दुमड नव्यांत यावी. दुमडीचें महत्त्व पाहावयाचें असेल तर एक पोस्टकार्ड दोन पुस्तकांवर पुलासारखें ठेवा आणि मध्यें नाणें ठेवा, तें वांकेल. त्याच कार्डाच्या दोन्ही लांब कडा दुमडून उभ्या करा. आतां तें कित्येक नाणीं पेलील. कागद तोच, बळ आलें तें आकारामुळें.

नवा भाग आधीं नुसता बसवून, दारें टांगून, फटी पाहाव्या आणि मगच सांधावा. सांधतांना एका टोंकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ जाऊं नये. थोडें येथें, थोडें तेथें असें करावें, म्हणजे उष्णतेनें पत्रा लहरत नाहीं. या कामाला गॅसपेक्षां कारागीर ज्याला सी-ओ-टू वेल्डिंग म्हणतात तें बरें, कारण त्याची आंच थोड्या जागेंत राहते. जस्ताचा पत्रा असेल तर सांध्यापुरतें जस्त घांसून काढावें व काम उघड्या हवेंत करावें. त्या धुरानें ताप भरतो. शेवटीं पेटीच्या आंत गंजरोधक मेण किंवा तेल फवारावें आणि तळाचीं भोकें मोकळीं ठेवावीं. हें राहिलें तर सारा खर्च चार पावसाळ्यांत पाण्यांत जातो.

कायद्याकडेहि दृष्टि असावी. अशा गाडीचा चासी नंबर तिच्या कवचावरच उठविलेला असतो. तो भाग कापूं नये. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं तपासणी होऊन नवी करावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं २०२१ सालीं वेगळा नियम झाला आहे. त्याचा लाभ मूळ स्वरूपांत राखलेल्या, चासी किंवा कवचांत मोठा फेरफार न केलेल्या गाडीलाच मिळतो. म्हणून कापण्यापूर्वीं परिवहन कचेरींत चौकशी करावी आणि जुन्या-नव्या भागांचीं छायाचित्रें जवळ ठेवावीं.

कांहीं गाड्यांचा तळ, खांब आणि पेट्या सर्वच गेलेल्या असतात. तेथें ‘हें होणार नाहीं’ असें सांगणारा कारागीर हा आपला मित्र समजावा. काम होण्यासारखें असेल, तर त्याला एकच अट घाला: पेटीचें तोंड बंद करण्यापूर्वीं मला बोलवा. त्या दिवशीं दिवा घेऊन जा, आंत डोकावा, आणि चांगला धातु व सलग सांधे डोळ्यांनीं पाहून घ्या. रंग कोणता द्यावयाचा, तें त्यानंतर घरांतील मंडळींनीं खुशाल ठरवावें.