सिकलसेल आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात, किंबहुना वैनगंगेच्या खोऱ्यातील साऱ्या धानपट्ट्यात, सिकलसेलचे नाव कोणाला नवे नाही, आणि सोयरीक जुळवताना ‘एएस’ (वाहक) की ‘एसएस’ (पीडित) ही विचारणाही आता अनेक घरांत होऊ लागली आहे. परंतु हातापायांच्या ठणक्यापलीकडे आणि रक्तक्षयापलीकडे हा आनुवंशिक विकार मूत्रपिंडांतील रक्तवाहिन्यांवर केवढा आघात करतो, याची जाणीव जितकी असावयास हवी तितकी अद्याप झालेली नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला, त्यालाही १९५८ पासून आता साडेसहा दशके उलटली आहेत.

शरीराच्या वजनाचा जेमतेम अर्धा टक्का भरणाऱ्या दोन मूत्रपिंडांकडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा अखंड जात असतो. मूत्रपिंडाच्या अंतर्भागात मात्र प्राणवायू मुळातच अल्प, क्षारांचे प्रमाण मोठे आणि रक्ताचा ओघ मंद. त्यामुळे तेथील केशासारख्या बारीक वाहिन्यांतून जाताना रक्तपेशींतील पाणी बाहेर खेचले जाते, सदोष हिमोग्लोबिनचे कण एकमेकांस चिकटून ताठर दोऱ्या बनतात, आणि एरवी लवचीक असलेली गोल पेशी विळ्याच्या पात्यासारखी वाकून वाट अडवून बसते. असे वारंवार घडले म्हणजे त्या वाहिन्या नष्ट होतात व त्यांच्यावर पोसला जाणारा भाग सुकू लागतो.

याचे पहिले चिन्ह अगदी साधे असते. मूत्र दाट करण्याची शक्ती ओसरल्याने मूल रात्री पुनःपुन्हा लघवीला उठते किंवा अंथरूण ओले करते, आणि घरचे त्यास खोड समजून रागावतात. लहान वयात रक्त दिल्यास ही शक्ती काही काळ परत येते. पौगंडावस्था सरल्यावर ती सहसा परतत नाही. पुढे कधी लघवीतून वेदनेवाचून रक्त जाते, आणि हे केवळ वाहक असलेल्या, एरवी निरोगी दिसणाऱ्या माणसातही घडू शकते. याच सुमारास मूत्रपिंडाच्या गाळणीवर अतिरिक्त भार पडून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत झिरपू लागते, आणि दुर्लक्ष झाले तर डायलिसिसची पाळी येते.

मूत्रपिंडाची मोठी धमनी अरुंद झाली, जसे आपल्याकडे तरुण वयात ताकायासू विकाराने होते, तर डॉपलर सोनोग्राफीत व अँजिओग्राफीत ती दिसते आणि पुष्कळदा फुगा घालून रुंदही करता येते. सिकलसेलमधील इजा याहून सूक्ष्म असल्याने तिचा माग रक्तालघवीतूनच घ्यावा लागतो. त्यासाठी आधी सिकलसेलचे निदान हवे. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब परीक्षानळीतील द्रावणात सोडला, की सदोष हिमोग्लोबिन असल्यास द्रावण असे गढूळ होते की नळीमागे धरलेल्या कागदावरील ओळी वाचता येत नाहीत; मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने वाहक कोण आणि पीडित कोण याचा निवाडा होतो. पीडित ठरलेल्या मुलाची वयाच्या दहाव्या वर्षापासून दरसाल लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी झालीच पाहिजे. कारण या रुग्णांत रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा बरेचदा फसवा कमी येतो, आणि तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे असते.

इलाज आहेत. हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेतल्याने पेशी वाकण्याचे प्रमाण घटते. एनालाप्रिलसारखी रक्तदाबाची औषधे अल्ब्युमिनची गळती कमी करतात, मात्र गरोदरपणात ती वर्ज्य होत. आणि मूत्रपिंडे निकामी झालीच, तर प्रत्यारोपणाचा मार्गही या रुग्णांस बंद नाही. परंतु सर्वांत सोपी तजवीज घरातच करता येते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना किंवा पावसाळ्यात दिवसभर बांधीत वाकून रोवणी करताना पीडिताने तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. आणि अंग ठणकले म्हणून परस्पर डायक्लोफेनॅक वा आयब्युप्रोफेनची गोळी घेऊ नये, कारण दुखणे थांबवणारी तीच गोळी आधीच रक्तास आचवलेल्या मूत्रपिंडाचा उरलासुरला पुरवठाही आखडते.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली असून २०४७ ही तिची मुदत आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही चालू आहे. ज्यांच्या घरी ‘एसएस’ अहवाल कपाटात ठेवलेला आहे, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढेच आग्रहाने सांगावे, की रक्ताबरोबर लघवीतील अल्ब्युमिनही तपासा. आणि ही तपासणी दुखणे असो वा नसो, एकही वर्ष चुकवू नये.