दोन घड्याळांचे घर

व्हाक्वा येथील एका मराठी कुटुंबाच्या बैठकीत भिंतीवर शेजारी शेजारी दोन घड्याळे टांगलेली आहेत. पहिले आपल्या बेटाची वेळ दाखविते. दुसरे कधी तीन, तर कधी चार तास मागे असते. नवखा पाहुणा त्याच्याकडे पाहून "हे बंद पडले आहे काय?" असे विचारतो, तेव्हा घरची आजी मोठ्या अभिमानाने सांगते, "बंद नाही हो, ते नातवाचे घड्याळ." नातू इंग्लंडमध्ये लीड्स येथे स्थापत्य अभियांत्रिकीचा अभ्यास करीत आहे. मार्च आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या अखेरच्या रविवारी इंग्लंडचे लोक आपली घड्याळे तासभर पुढेमागे करतात. आपल्याकडे तसा प्रघात नाही. तरीही त्या दोन रविवारी या घरचे गृहस्थ न चुकता स्टुलावर चढून काटे फिरवितात. धाकटी मुलगी पुण्यास शिकते. पुणे आपल्याहून अवघे दीड तास पुढे, म्हणून तिच्यासाठी तिसरे घड्याळ घेतलेले नाही. तिची वेळ आई बोटांवर मोजते.

मुले विद्येसाठी समुद्रापार जातात, त्या प्रसंगाचा आपल्या बेटावर मोठा गाजावाजा होतो. एचएससीचे निकाल लागून लॉरिएट विद्यार्थ्यांची नावे जाहीर झाली, की शाळेच्या आवारात मित्रमंडळी त्यांना खांद्यावर घेऊन नाचतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रे झळकतात. ज्यांना सरकारी शिष्यवृत्ती लाभत नाही, ती मुलेही कर्ज काढून, भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर किंवा एखाद्या मामाच्या भरवशावर निघतातच. परंतु त्यांना विमानतळावर पोहोचवून रिकाम्या मोटारीतून उसाच्या मळ्यांमधून परत येणाऱ्या आईबापांविषयी कोणी फारसे लिहीत नाही. वास्तविक त्या दिवसापासून त्यांचेही एक अध्ययन सुरू होते. ज्या शहराचे नाव काल माहीत नव्हते, तेथील पाऊसपाणी, घरभाडे, आगगाडीचा संप आणि परीक्षेचे वेळापत्रक हे सर्व त्यांना मुखोद्गत होते.

१८३४ पासून गिरमिटीची जहाजे या बेटाला लागू लागली. पुढे रत्नागिरी, सातारा या बाजूंनी जे आपले पूर्वज आले, त्यांच्या मागे राहिलेल्या मातापित्यांना असे काही शिकण्याची सोयच नव्हती. मुंबई बंदरातून जहाज दृष्टीआड झाले की मुलगाही बहुधा कायमचा दृष्टीआड होई. कोणी लिहिता येणारा भेटला, त्याच्याकडून पत्र लिहवून घेतले आणि ते गावी पोहोचले, तर एवढे कळे की तो जिवंत आहे. आज त्याच पूर्वजांची पणती पुण्याच्या विद्यापीठात शिकते आणि सकाळच्या न्याहारीला काय खाल्ले तेही घरी कळते, हा केवढा पालट आहे!

या दोन टोकांच्या मधला काळ पत्रांचा होता. आपले पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम १९२१ साली वैद्यकीच्या शिक्षणासाठी लंडनला गेले, ते डॉक्टर होऊन १९३५ मध्ये परतले. चौदा वर्षे! त्यांच्या खर्चाला घरून थोरल्या बंधूंचा आधार होता. आज ज्या विमानतळावर आईबाप मुलांना निरोप देतात, त्याला त्यांचेच नाव आहे. निरोपाच्या गडबडीत ते कोणाच्या लक्षात येत नाही, इतकेच. पंडित वासुदेव बिसुनदयाळ लाहोर आणि कलकत्ता येथे शिकले, ते १९३९ साली परत आले. मॉरिशस विद्यापीठ १९६५ मध्ये निघाले. त्यापूर्वी डॉक्टर वा वकील होऊ इच्छिणाऱ्यास समुद्र ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि घरच्यांना टपालाची वाट पाहण्यावाचून.

ते निळे हवाईपत्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते उघडण्याची तऱ्हाही आठवत असेल. कडेला चिकटवलेला भाग भाजीच्या सुरीने हलक्या हाताने कापावयाचा, कारण घाई केली तर मजकुराची एखादी ओळ फाटून जाई. मग घरातील शिकलेले मूल ते मोठ्याने वाची. शेजारीपाजारी दारात येऊन ऐकत. प्रत्येक पत्रात "मी येथे खुशाल आहे" हे वाक्य ठरलेले असे, म्हणून त्या वाक्यावर कोणाचा विश्वास नसे. निरक्षर आईसुद्धा पत्र हातात घेऊन अक्षराकडे पाही. अक्षर दाट आणि सरळ असले की मुलगा बरा आहे. ओळी खाली उतरत गेल्या असल्या की त्याला ताप असला पाहिजे किंवा पैसे संपले असले पाहिजेत. तिचा हा तर्क बहुधा खरा ठरे. १८९३ साली झांझिबारकडून सेशेल्समार्गे समुद्रतार या बेटाला पोहोचली होती. परंतु सामान्य घरी तार येई ती परीक्षेची किंवा मृत्यूची, आणि म्हणून तारवाल्याची सायकल फाटकाशी थांबली की घरातील बाया आधी रडू लागत, मग तार उघडली जाई.

१९७७ पासून माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले आणि परदेशी जाणाऱ्या मुलांत मजुरांची, गाडीवानांची, छोट्या दुकानदारांची मुले दिसू लागली. २००२ साली सेफ नावाची नवी समुद्रतार आली, जी दक्षिण आफ्रिकेपासून आपल्या बेटावरून कोचीनला व पुढे मलेशियाला जाते. बघता बघता हवाईपत्र दुर्मिळ झाले. आता मुलाचा चेहराच हातातल्या यंत्रावर दिसतो. मग आईची काळजी मिटली काय? तसे दिसत नाही. तिने फक्त अक्षर वाचण्याऐवजी दुसरे वाचावयास घेतले आहे. मुलाने संदेश कधी उघडला, रात्री किती वाजेपर्यंत तो जागा होता, पाठीमागच्या खिडकीत तीच पडदी अजून न धुतलेली आहे काय, हे ती पाहत असते.

व्हाक्वाच्या त्या घरातली गोष्ट. गेल्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, मुलगा रविवारी बोलावयास बसला तेव्हा त्याच्या अंगावर जाड कोट आणि डोक्यावर लोकरी टोपी होती. "बाहेर निघालास काय रे?" असे आईने विचारले. "नाही, आत्ताच आलो," असे तो म्हणाला. पुढच्या रविवारीही तो "आत्ताच आलेला" होता. त्याच्या पुढच्या रविवारीही. मुलगा खोली तापविण्याचा खर्च वाचवीत आहे, हे तिसऱ्या खेपेस तिच्या ध्यानात आले. ती त्याला काही बोलली नाही, नवऱ्याला बोलली. नवरा साखर कारखान्याच्या कचेरीत कारकून. पौंडाचा भाव तो रोज पाहतो. २०२४ साली एका पौंडाला आपले साठच्या आसपास रुपये पडत होते आणि घरावर बँकेचे कर्ज आहेच. तरी त्याने रजेचे पैसे उचलून "पुस्तकांसाठी" म्हणून पाठविले. पुढच्या रविवारी मुलगा नुसत्या सदऱ्यावर बसलेला दिसला. पैशांमुळे खोली उबदार झाली होती, की आईला संशय आला हे ओळखून त्याने बोलण्यापुरता कोट काढून ठेवला होता, ते अद्याप कळलेले नाही.

पाहणे आणि जवळ असणे यांतील अंतर २०२० साली सर्वांनाच कळले. त्या मार्चमध्ये साथीमुळे आपल्या बेटाची दारे बंद झाली आणि आठवड्याच्या आत भारतातही टाळेबंदी लागली. पुणे, दिल्ली, पॅरिस, लंडन येथे अडकलेल्या मुलांचे चेहरे दिवसातून चार वेळा दिसत, पण त्यांना आणावयास नियमित विमान नव्हते. जी मुले खास विमानांनी परतली, त्यांनाही आधी चौदा दिवस हॉटेलात वेगळे राहावे लागले. पोहोचलेला मुलगा एका तासाच्या वाटेवर आहे आणि भेटता येत नाही, हा प्रकार या बेटावरील आईबापांनी तेव्हा अनुभवला. सीमा पूर्ववत उघडल्या त्या ऑक्टोबर २०२१ मध्ये.

याच्या उलटही घडते, आणि त्याचा उल्लेख केला नाही तर मुलांवर अन्याय होईल. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या, तेव्हा त्या चित्रांपुढे रात्रभर बसलेली मुले लीड्समध्ये होती, मेलबर्नमध्ये होती. त्या दिवशी "जेवलात का? छप्पर ठीक आहे ना?" हे प्रश्न तिकडून इकडे आले.

मुलगी पुण्यास गेली तेव्हा घरात निराळाच पेच पडला. आपल्या बहुतेक घरांप्रमाणे या घरातही व्यवहार क्रेओलमध्ये चालतो. आई विचारी, "तो फिन मांजे?" आणि मुलगी तिकडून उत्तर देई, "हो, जेवले." पहिल्या वर्षी हे मौजेचे वाटले. मग आईने मुलीची प्राथमिक शाळेतील मराठीची जुनी पुस्तके कपाटातून काढली आणि दुपारी आजीजवळ बसून वाचावयास आरंभ केला. चाळिशी उलटल्यावर, चष्मा लावून. आजीची मराठी कोकणातली, तिच्या आजीकडून आलेली. ती बोलता बोलता "वायच थांब", "वायच खा" असे म्हणते. नातीने पुण्यात मैत्रिणींपुढे हा शब्द उच्चारला तेव्हा मुली हसल्या. त्या रात्री तिने घरी सांगितले, "आजी, तो शब्द गावंढळ आहे. 'थोडे' म्हणावे." आजी गप्प बसली. तेव्हापासून नातीशी बोलताना ती शब्द निवडू लागली आणि तिचे बोलणे आखडले. आईच्या हे लक्षात आले होते. तिने नातीला तसे कळविले नाही. हे तिचे चुकले असे म्हणावे लागेल.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मुलगी मैत्रिणींबरोबर कोकणात गेली. चिपळूणच्या एसटी स्थानकावर बाकावर ती बसली असता भाजीची टोपली घेतलेली एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "वायच सरक गो बाय." मुलगी सरकली आणि तेथूनच तिने घरी दूरध्वनी लावला. व्हाक्वाला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. तिने आईला काही न सांगता आजीला बोलावून घेतले व घडलेली हकिगत सांगितली. तिला बोलताना रडू येत होते.

आजीने सर्व ऐकून घेतले. मग तिने विचारले, "कशी होती गो ती दिसायला?" आणि नात सांगू लागली, तशी आजी खुर्ची ओढून त्या दोन घड्याळांच्या खाली नीट बसली.