पाचक गोळीची घरगुती परीक्षा

झाशीच्या जुन्या तटाच्या दरवाजांपैकी खंडेराव गेट हा एक होय. या शहरात उन्हाळ्यात पारा कधी कधी 45 अंश सेल्सिअसच्याही वर चढतो. अशा उष्णतेत तेथील एखाद्या घराच्या फडताळात पडून राहिलेल्या पाचक गोळीचा गुण टिकला असेल काय? ही शंका रास्त आहे. कारण गोळीतील विकरे ही प्रथिने असून उष्णतेने ती निकामी होऊ शकतात.

1833 साली पायेन व पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी मोड आलेल्या जवापासून पिष्ट पचविणारे ‘डायास्टेज’ हे विकर मिळविले. आपल्याकडील अनेक पाचक गोळ्यांत बुरशीपासून काढलेले डायास्टेज असते. त्याची परीक्षा घरी करता येते.

चमचाभर आरारुटाची पातळ पेज शिजवून कोमट होऊ द्यावी व तीन पेल्यांत सारखी वाटावी. पहिल्यात कुटलेली गोळी पाण्यात कालवून घालावी. दुसऱ्यात तशीच गोळी पाण्यात दहा मिनिटे उकळून, निववून घालावी. तिसऱ्यात नुसते पाणी. दर दहा मिनिटांनी प्रत्येकातील थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. पिष्टाने तो निळा होतो. केवळ पहिल्या पेल्यातील निळा रंग जांभळा, मग तांबूस होऊन नाहीसा झाला, तर डायास्टेज कार्यक्षम आहे. दुसऱ्यातीलही निळा रंग गेला, तर गोळीतील कोळसा किंवा क जीवनसत्त्व आयोडीन नाहीसे करीत असावे; मग निष्कर्ष काढू नये. प्रयोगातील पेज फेकून द्यावी.

वेष्टनावरील 1:1200 या आकड्यांचा अर्थ असा की, ठरावीक परिस्थितीत एक भाग डायास्टेज 1200 भाग पिष्ट पचविते. म्हणजे 50 मिलिग्रॅम 60 ग्रॅम पिष्टाला पुरे. परंतु जठर म्हणजे पेला नव्हे. तेथील तीव्र आम्लात हे विकर मंदावते किंवा नष्ट होते. शिवाय निरोगी माणसाची लाळ व स्वादुपिंड हेच काम मुबलक करतात. म्हणून ही परीक्षा गोळीची आहे, पोटाची नव्हे. पोटदुखी किंवा वायूचे कारण ती सांगत नाही.

ज्यांच्या स्वादुपिंडातून पुरेसा रस स्रवत नाही, त्यांना मात्र विकरांचे औषध आवश्यक असते. त्यातील कण आम्लापासून बचावासाठी आवरणयुक्त असतात. ते कुटून घेऊ नयेत आणि या प्रयोगावरून वैद्यकीय उपचार कधीही थांबवू नयेत.