मामा तलावावरचे पाहुणे

'पक्षी बघायला भंडाऱ्याला जातेय' असं म्हटलं की मित्रमंडळी दचकतातच. पक्षी म्हणजे भरतपूर, भिगवण, फार तर जायकवाडी. भंडारा म्हणजे पितळेची भांडी आणि तांदूळ! पण बॉस, हा तलावांचा जिल्हा आहे. नागपूरहून जेमतेम ६० किलोमीटर. हिवाळ्यात पहाटे निघालात तर सूर्य उगवायच्या सुमाराला तुम्ही एखाद्या तलावाच्या पाळीवर असाल.

या तलावांना इथे 'मामा तलाव' म्हणतात. मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं उतार हेरून मातीच्या पाळी घातल्या, पाणी अडवलं आणि धानाची शेती भिजवली. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. नावात मात्र मामा राहिला!

हे तलाव पक्ष्यांना का आवडतात? कारण ते उथळ आहेत. पाळीकडे खोल, दुसऱ्या बाजूला हळूहळू वर चढत गेलेला चिखलाचा काठ. बुडी मारणारी लालसरी खोल पाण्यात, तलवार बदकं जरा अलीकडे, कमळपक्षी पानांवरून टुणटुणत आणि बगळे काठावर. प्रत्येकाची सीट रिझर्व्ह! अडई आणि काणूक तर इथलीच बदकं. हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब हंसही या भागात दिसतो. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला 'वारकरी' दिसला की नाव ठेवणाऱ्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

आणि सारस! जवळजवळ माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो आता प्रामुख्यानं गोंदिया-भंडारा पट्ट्यातच उरलाय आणि त्यातही भंडाऱ्यात अगदी मोजकाच. तो अभयारण्यात राहत नाही. पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या गवतात घरटं करतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. म्हणजे त्याचा खरा वॉचमन शेतकरी. बांधीतलं थोडं पीक घरट्याखाली गेलं तरी चालेल, असं त्यानं ठरवलं तरच पिल्लू वाचतं. वर विजेच्या तारा आणि खाली कीटकनाशकं आहेतच.

तलावांचंही तसंच. काठावर 'बेशरम' माजली की देशी पाणवनस्पती संपतात. त्या संपल्या की माशांची अंडी आणि पक्ष्यांचं खाद्य दोन्ही जातं. म्हणून या भागात ढिवर समाजातल्या मासेमारांनी, त्यात बायकाही आल्या, काही तलावांतली बेशरम उपटून देशी वनस्पती पुन्हा लावल्या. मासे वाढावेत हा त्यांचा हिशेब. पण ज्या तळ्यात मासे, तिथे पक्षी येणारच! उलट 'खोलीकरणा'च्या नावाखाली मशीन लावून काठही सरसकट खणला, तर पाणी वाढेल, पण चिखलात चोच घालणारे पाहुणे कुठे उतरणार?

मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या तळ्याकाठी नोकरीची वर्षं काढली आणि तिथले पक्षी, तिथली माणसं शहरी वाचकांपर्यंत नेली. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला, तोवर नवेगावबांधही भंडारा जिल्ह्यातच होतं. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा होतो. चितमपल्ली २०२५ मध्ये गेले. त्यांच्या वाटेनं एकदा तरी जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मग निघताय? नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. दुर्बीण घ्या, मातकट रंगाचे कपडे घाला, मोबाईल सायलेंटवर ठेवा. शेतात पाय टाकण्याआधी शेतकऱ्याला विचारा आणि मासेमाराची डोंगी फोटोपुरती पळवू नका. पावसाळ्यात गेलात आणि सारसाचं घरटं दिसलं, तर लांबूनच नमस्कार. क्लोज-अपच्या नादात जोडी उठली तर अंडी उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. त्या घरट्याचा पत्ता इंटरनेटवर तर अजिबात टाकू नका. परतताना गावातून चार किलो तांदूळ घ्या. ज्या बांधीत सारस वाढतो, तिच्या मालकालाही चार पैसे मिळायला नकोत का?